बोनेटची डावी फट

माय, काल मी गाडीचं बोनेट दुसऱ्यांदा सरळ केलं. पहिल्यांदा केलं ते मागच्या बुधवारी, एकट्यानं, आणि ते सरळ झालंच नव्हतं. तुला आपली गाडी माहीत नाही. तू गेलीस तेव्हा घरात फक्त सायकल होती आणि तिलाही मागचं मडगार्ड नव्हतं. आता एक जुनी पांढरी गाडी आहे, मलकापूरच्या एका माणसाकडून घेतलेली. बोनेट म्हणजे तिच्या इंजिनावरचं पत्र्याचं झाकण. मागे दोन बिजागऱ्यांवर ते उघडतं, पुढे एका कुलपात अडकतं, आणि लावल्यावर दोन्ही बाजूंना एकसारखी बारीक फट राहिली पाहिजे. तुझ्या भाषेत सांगायचं तर दोन्ही खांद्यांची शिवण. एक बाजू सैल आणि एक ओढलेली असली की सगळं कापडच वाकडं दिसतं, तसंच ते. मला गेले काही दिवस फार भीती वाटते आहे. ती बोनेटपासून सुरू झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

झालं असं, की दहा-बारा दिवसांपूर्वी संध्याकाळी दुकान बंद करून मी गाडी अंगणात घेत होतो आणि डाव्या बाजूला धाडकन आवाज झाला. लोखंडी फाटकाची डावी झडप गाडीच्या नाकावर बसली होती. मी उतरून पाहिलं. दिवा शाबूत, रंग थोडा खरवडलेला, पण पुढची आडवी पट्टी बोटभर मागे गेली होती आणि बोनेट, समोर उभं राहून पाहिलं तर, उजवीकडे सरकून तिरपं झालं होतं. पुढेही बोनेटचं डावं-उजवं मी असंच समोरून सांगतो. बायको ओसरीवरून धावत आली. मी म्हणालो, फाटक वाऱ्यानं आलं. ती एकदा झाडाकडे बघते, एकदा माझ्याकडे बघते. "वारा? पान हालून नाही राह्यलं, अन् तुमचं फाटक हाललं?" मी तिला म्हटलं, लोखंडाचं वजन आणि उतार याचं गणित वेगळं असतं. मी तेव्हा काही लपवत नव्हतो माय, मला खरंच तसं वाटलं होतं. ती झडप मी पाहिलीच नव्हती, त्यामुळे ती आपणहून आली असणार असंच मनानं धरलं.

गॅरेजला न्यायचा प्रश्नच नव्हता. तुला माझा स्वभाव माहीत आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही; जळकी मोटार उघडायची, तारेचा प्रत्येक वेढा कुठून कुठे जातो ते बघायचं, आणि तसाच नव्या तारेनं भरायचा. त्यावर घर बांधलं, पोरगी शिकवली. आजही बढ्यापासून मोताळ्यापर्यंत कुणाची मोटार जळाली की माझ्याकडेच येते. ज्या माणसाला केसासारख्या तारेचा वेढा चुकलेला दिसतो, त्याला एक पत्रा सरळ करता येऊ नये? बुधवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी अंगणात गाडीपुढे उभा राहिलो.

पान्याच्या आधी खडू घेतला. मी शाळकरी असताना तू एकदा बाजाराला गेली होतीस आणि मी तुझ्या शिलाई मशीनचं पोट उघडून बसलो होतो. आत काय फिरतं ते पाहायचं होतं. तू आलीस तेव्हा स्क्रू, पट्ट्या, एक नखाएवढी स्प्रिंग असं सगळं ओट्यावर पसरलेलं, आणि मला त्यातलं एकही परत बसवता येत नव्हतं. गावातल्या चार बायकांचे ब्लाउज अर्धवट पडलेले. तू पिशवी ठेवलीस, पाणी प्यालीस, मग माझ्याशेजारी मांडी घालून बसलीस. "उघडलं त्याचं काही नाही," तू म्हणालीस, "पण खूण काऊन नाही केली? उसवाच्या आधी खूण करा लागते बापा. नाही तं जोडाचं कुठून?" एवढं शांतपणे बोलून झाल्यावर पाठीत धपाटा घातलास तो घातलासच. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच्या डब्यातली निळ्या खडूची एक अर्धी झिजलेली वडी माझ्या हातावर ठेवलीस. आजही दुकानात माझ्याकडे शिंप्याचाच खडू असतो. पोरं हसतात, मी हसू देतो.

तर बिजागरीच्या पट्टीभोवती आणि बोल्टच्या डोक्यांभोवती खडूनं रेघा ओढल्या. काच आणि बोनेट यांच्यामध्ये जुनी गोधडी घातली, म्हणजे मागचा कोपरा घसरला तरी काच जाणार नाही. मग बोल्ट ढिले केले. ते काढायचे नसतात. तळहाताच्या थापेनं पत्रा हलला पाहिजे, पण स्वतःच्या वजनानं सरकता कामा नये, एवढेच ढिले. पुढची पट्टी लाकडाचा ठोकळा लावून ठोकून पुढे आणली. खरं म्हणजे या कामाला दोन माणसं लागतात. मी बोनेट डोक्यावर तोलून एकट्यानं केलं. डावीकडे ओढलं, बोल्ट आवळले, हळूच खाली टेकवलं. बोनेट ज्यांवर टेकतं ते खालचे रबरी गुट्टे फिरवून उंची जमवली. आणि मग गाडीच्या समोर, अगदी मधोमध उभा राहिलो.

ही पण तुझीच रीत. ब्लाउज शिवून झाला की तू तो दोन्ही खांद्यांना धरून दारातल्या उजेडात धरायचीस. मी एकदा तुझी नक्कल करत एक-एक बाही नाकाजवळ नेऊन निरखत होतो, तर तू डोक्यात टिचकी मारलीस. "एकेक बाही पाह्यली तं दोन्ही चांगल्याच दिसतीन. मधात पाह्य. गळ्याच्या मधात. कडा आपोआप दिसते, अन् वाकडी असंन ते सोताहून सांगते." मी तेव्हापासून सगळं असंच पाहत आलो. दुकानाची पाटी, दाराची चौकट, मोटारीच्या दोन बाजूंचे वेढे, सगळं मधे नजर ठेवून. बुधवारीही मी बोनेटच्या नाकावरच्या चिन्हावर नजर लावली आणि थांबलो. दोन्ही कडा एकसारख्या दिसल्या. हात पुसले, चहा प्यालो, स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी तार आणायला मोताळ्याला गेलो तर वाटेत बोनेट थरथरत होतं. गाडीनं वेग घेतला की डावा कोपरा किंचित वर उचलल्यासारखा होई. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा घाम फुटला. बोनेटला दोन अडकवण्या असतात. पहिली सुटली तर दुसरा आकडा त्याला धरून ठेवतो. तोही सुटला तर वारा बोनेट उचलून सरळ काचेवर आपटतो आणि समोरचा रस्ता नाहीसा होतो. परत आलो तर दुकानासमोरच्या टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता आवाज दिला. शाळेपासूनचा दोस्त आहे, तोंडाला कुलूप नाही. "काऊन बे, तुह्या गाडीले लकवा मारला काय? तोंड पाह्य कसं एका बाजूले गेलं!" टपरीवरचे सगळे हसले. मी म्हणालो, "आधी तुही टपरी सरळ कर. पाह्यणाराची नजरच तिरपी असंन तं गाडी काय करंन?" त्याचाही हशा झाला. मी घरी आलो, पुन्हा गाडीसमोर मधोमध उभा राहिलो, आणि मला दोन्ही फटी पुन्हा सारख्याच दिसल्या.

पोरगी बुलढाण्याला शिकते, सुटीला येते. काल रविवारी सकाळी ती अंगणात आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डावीकडच्या फटीत बोट घातलं.

"बाबा, इकून माह्यं बोट जाते. तिकून नखही जात नाही."

"तुले काय समजते बोनेटातलं?"

"बोनेटातलं नाही समजत. बोट समजते."

मी चिडलो. म्हणालो, मी दोनदा पाहिलं, मधात उभा राहून पाहिलं. ती म्हणाली, मग तिसऱ्यांदा पाहा. आमचा आवाज ऐकून बायको ओसरीवरून बोलली, "भांडता काऊन? मोजून टाका ना. यायले तं मोजल्याबिगर भाजीही खारट लागत नाही." तेव्हा मी दुकानातून मोटारीच्या खाचेत घालायचा जाड कागद आणला. त्याची पट्टी घडी घालून फटीत सारायची. जेवढ्या घड्या घट्ट बसतील तेवढी फट. उजवीकडे दोन घड्या बसल्या, तिसरी अडली. मग डावीकडे आलो. दोन घातल्या, सैल. चार घातल्या, सैल. घड्या वाढवत गेलो आणि पट्टी तरीही आत डुलत राहिली. एखाद्या वेळी पोरगी टाळी वाजवून ओरडली असती. काल ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

मी तिला म्हटलं, जा, आईला चहा ठेवायला सांग. ती गेली आणि मी तिसऱ्यांदा गाडीसमोर उभा राहिलो. या वेळी मला माहीत होतं की डावी फट मोठी आहे. बोटानं, कागदानं, सगळ्यानं सिद्ध झालं होतं. मी मधल्या चिन्हावर नजर लावली. माय, फटी सारख्या दिसल्या. मान वळवून डावीकडे सरळ पाहिलं की फट मोठी, ढळढळीत. नजर मधे आणली की बरोबर. मग मी उजवा डोळा हातानं झाकला आणि फक्त डाव्यानं मधे पाहत राहिलो. माझ्या डाव्या हाताकडचा गाडीचा दिवा नव्हता. तिथे काळं काही नव्हतं, धूसरही नव्हतं. काळं दिसलं असतं तर मी सहा महिन्यांपूर्वीच ओरडलो असतो. दिव्याच्या जागी अंगणच होतं, आपली पिवळट माती, नीट सारवल्यासारखी. मी हातातला पाना डावीकडून हळूहळू समोर आणला. हाताला पान्याचं वजन लागत होतं आणि पाना कुठेच नव्हता. बऱ्याच अलीकडे आल्यावर तो एकदम, जन्मल्यासारखा, समोर आला. मग डावा डोळा झाकून उजव्यानं पाहिलं. त्यातही एक तुकडा तसाच गेलेला. तेवढ्यात कानाशी बांगड्या वाजल्या आणि मी दचकून मागे सरलो. बायको चहा घेऊन माझ्या डाव्या खांद्याशी उभी होती. ती केव्हा आली ते मला दिसलं नव्हतं.

तेव्हा मला तू आठवलीस. म्हणजे तू आठवतेसच, पण त्या वेळी तू मशीनवर बसलेली दिसलीस, त्या शेवटच्या काही वर्षांतली. कात्री तू नेहमी डावीकडच्या स्टुलावर ठेवायचीस. मग एक दिवस ती मांडीवर ठेवायला लागलीस. दोऱ्याचं रीळ मांडीवर, खडू मांडीवर, आणि मी म्हणतो, माय, मांडीवर दुकान काढलं का? तू हसतेस. दारातून जाताना चौकटीला खांदा लागतो आणि तू चौकटीलाच शिवी घालतेस. शाळेतल्या एका बाई ब्लाउज परत घेऊन येतात, म्हणतात, "मावशी, एक बाही वर गेली हो." तू तो खांद्यांना धरून उजेडात धरतेस, मधात पाहतेस, आणि ठामपणे म्हणतेस, "बाई, बाह्या सारख्या हायेत. तुमचाच खांदा उतरता असंन." आम्ही किती दिवस ते सांगून हसलो. तू खोटं बोलत नव्हतीस हे मला काल कळलं. तुला त्या दोन्ही बाह्या सारख्याच दिसल्या होत्या.

पुढचं तुला माहीत आहे. गावात डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा तू मोतीबिंदू समजून गेलीस. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं की हा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून राखता येते, पण इथे राखायला फारसं उरलेलं नाही. जाता जाता असंही म्हणाले की हा घराण्यात उतरतो, तुम्ही आपले डोळे तपासत चला. मी हो म्हणालो. पण ज्याला काही दुखत नाही, अक्षर स्पष्ट दिसतं, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो, तो कशाला जातो तपासायला? तुझ्याही सुईत दोरा शेवटपर्यंत जात होता. तेवढीच एक जागा उरली होती तुझ्याकडे, सुईच्या नेढ्याएवढी, आणि एक दिवस तीही गेली.

मला भीती अंधाराची नाही वाटत, असं मी कालपासून स्वतःला सांगतो आहे. मग कशाची, हे विचारलं की मला ओसरी दिसते. तू भिंतीला टेकून बसली आहेस. अंगणात कुणाचं पाऊल वाजतं आणि तू मान त्या बाजूला फिरवून म्हणतेस, "कोण हाये?" फार आनंदी आवाजात म्हणतेस, गरजेपेक्षा जास्त आनंदी, म्हणजे येणाऱ्याला वाईट वाटू नये. कोंबडी असली तरी तू तसंच विचारतेस. मी दुकानातून येतो, तुला माझं पाऊल ओळखू येतं तरी तू विचारतेस, कारण एकदा चुकलं होतं. ते "कोण हाये?" माझ्या तोंडात बसलेलं मला ऐकू येतं. शटरसमोर गाडी थांबते, कुणी तरी मोटार उतरवतं, आणि मी ती कुणाची हे हात फिरवून विचारतो.

आणि त्याहून वाईट म्हणजे मागचे महिने. मी या नजरेनं गाडी चालवत होतो. बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूरचा घाट चढलो, उतरलो. बाजाराच्या दिवशी गर्दीतून गेलो. रस्त्याच्या डाव्या कडेनं शाळेतली पोरं सायकलवर जातात, म्हाताऱ्या डोक्यावर चारा घेऊन जातात, शेळ्या जातात. माझ्या डोळ्यांनी त्यांच्या जागी रिकामा रस्ता सारवून ठेवला असेल आणि मी हातभर अंतरावरून निघून गेलो असेन. कोण कोण वाचलं, मला कधीच कळणार नाही. फाटक जागच्या जागी होतं, मीच त्याच्यावर गेलो; ते लोखंडाचं होतं म्हणून आवाज झाला. काल चहाचा कप हातात धरून मी हाच विचार करत होतो.

दुपारी जेवायला बसलो. बायकोनं भाकर वाढली, ठेचा वाढला, पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवला. मी तांब्याकडे पाहत राहिलो. आपल्या घरात तांब्या डावीकडे असतो, उजवा हात उष्टा असतो म्हणून. तूच लावलेली शिस्त. मी विचारलं, "तांब्या इकडे काऊन?"

ती चुलीकडे तोंड करून बसली होती. "आखाजीपासून तिकडेच ठेवून राह्यली मी," ती म्हणाली. "त्या सणाच्या दिवशी तुमी पुरणाच्या ताटात सारं पाणी सांडलं. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा. मंग म्या जागाच बदलली."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी टेप घेऊन आले असते, तांब्या किती इंच चुकीचा ठेवला ते मोजाले." मग ती वळली. तिचे डोळे भरले होते. "सासूबाईचं म्या पाह्यलं ना. हातानं भरवलं त्यायले. मले वाटलं, आपण बोललो अन् तेच निघालं तं? नाही बोललो तं कदाचित ते नसंन."

ती पण भ्यालेली होती, माय. एकाच घरात, एकाच ताटाशी, इतके दिवस. उष्ट्या हातानंच तांब्या उचलला आणि प्यालो, आणि ती म्हणाली, "विटाळलं सारं," आणि आम्ही दोघंही थोडं हसलो. मग मी तिला सगळं सांगितलं. दिव्याचं, पान्याचं, बांगड्यांचं. पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं तिथल्या तिथे बुलढाण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. परवाची वेळ मिळाली. परवा म्हणजे आता उद्या, मंगळवारी. ती कॉलेज बुडवून थांबली आहे. गाडी ती चालवणार. तिला चालवता येते, बरी येते. मीच आजवर घाटात तिच्या हातात दिली नव्हती.

म्हणजे बोनेट कालच सरळ व्हायला हवं होतं, त्या बोनेटनिशी ती मला घाट चढवणार होती. दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही तिघं अंगणात उतरलो. मी पुन्हा खडूच्या रेघा ओढल्या. बायकोनं डावा कोपरा धरला. मी बोल्ट ढिले केले आणि आयुष्यात पहिल्यांदा पोरीला म्हणालो, तू मधात उभी राह्य. माझ्या जागेवर. तिथे उभं राहून कुठे पाहायचं ते तिला सांगितलं, तुझ्या शब्दांत. ती उभी राहिली, डोकं किंचित कललं, तुझ्यासारखंच, तू डोळस असताना तिनं तुला कधी पाहिलेलं नाही तरी.

"डावीकडे घ्या. अजून. अजून थोडं. बस, बस! जास्त झालं."

"किती जास्त? नीट सांग."

"बाबा, मले तुमच्यासारखं इंच-सुतात नाही सांगता येत. खडूच्या रेघेएवढं."

"रेघेच्या जाडीएवढं का लांबीएवढं?"

"आई, यायले सांग ना काही!"

"मी कोपरा धरून हावो," बायको म्हणाली, "तुमची शाळा लवकर सोडा, माह्ये हात चालले."

मी तळहातानं एक थाप दिली. पोरगी म्हणाली, आता बरोबर. मी आवळायला पाना लावला आणि हात थांबला. माझ्या डोळ्यांना मधे काय दिसतं याला आता काही किंमत नव्हती, आणि तिच्या डोळ्यांवर बोल्ट आवळायचा म्हणजे दोन्ही हात सोडून चालत्या गाडीत बसण्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी कुणाच्या सांगण्यावर एक वेढासुद्धा फिरवलेला नाही. शेवटी आवळला. कागदाची पट्टी तिनंच घातली, दोन घड्या इकडे, दोन घड्या तिकडे, दोन्हीकडे तिसरी अडली. पुढचं कुलूप जमवून बोनेट वीतभर वरून सोडलं, ते एका आवाजात बसलं. आतून कळ ओढून पाहिली, पहिली अडकवण सुटली आणि दुसऱ्या आकड्यानं धरलं. मी ते पुन्हा केलं. आणखी पुन्हा केलं. म्हटलं, वरून एक सुती दोरीही बांधून टाकू. पोरगी म्हणाली, "दोरी बांधली तं मी गाडी नेत नाही. बुलढाण्यात माह्या मैत्रिणी हायेत." दोरी राहिली.

आज सोमवार. दुकानात बसून लिहितो आहे. एक मोटार उघडून ठेवली आहे, पण तिला हात लावलेला नाही. उद्या डॉक्टर काय सांगतील माहीत नाही. तुझंच असेल, किंवा दुसरं काही. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही. उरलेलं किती आहे आणि ते राहील का, एवढंच विचारायचं ठरवलं आहे. प्रश्न पाठ करून ठेवला आहे, आयत्या वेळी तोंड सुकेल म्हणून. हा कागद मी फाडून टाकेन. तुला अक्षरं येत नव्हती, इंचाचे आकडे तेवढे येत होते. आणि बोलून दाखवायला गेलो तर माझा आवाज हलतो. म्हणून लिहिलं.

एक राहिलं. काल सगळं झाल्यावर पोरगी मागे सरली, माझा हात धरून मला गाडीसमोर मधोमध उभं केलं आणि म्हणाली, "बाबा, आता तुमी एकदा पाहून घ्या. तुमी बरोबर म्हटलं की मंग मी हात धुते." ती आणि तिची आई दोघी वाट बघत होत्या. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि म्हणालो, पाहिलं, बरोबर आहे. ती नळाकडे पळाली. मी पाहिलं नव्हतं, माय. तेवढा वेळ मी डोळे मिटून उभा होतो.